बांबूतून पीठ का पडते?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे बांबूविषयी आलेल्या पत्रांतील तक्रारी निरनिराळ्या असल्या, तरी त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे तोडीच्या दिवशीच झालेली चूक. म्हणून या वेळी ती सगळी पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढची बरीच उत्तरे त्यावर उभी असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : आमच्या घरची माणगा जातीच्या बांबूची तीन बेटे आहेत. पावसाआधी पडवीचे छप्पर नवे करावे म्हणून अक्षय्यतृतीयेच्या सुमारास चाळीसेक काठ्या तोडल्या, आठ दिवस उन्हात टाकल्या आणि चढवल्या. गणपतीत पाहुणे पडवीत बसले असताना वरून बारीक पिवळसर पीठ त्यांच्या अंगावर पडू लागले. आता बहुतेक काठ्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. वडिलांच्या वेळचे छप्पर याच बेटांतल्या बांबूचे होते आणि ते वीस वर्षे टिकले. मग आताच कीड का लागली? फवारायला काही औषध आहे का? (कुडाळ तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : बेट तेच आहे, बांबूही तोच आहे, फक्त महिना बदलला आहे. बांबू पोखरणारा भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, तपकिरी-काळा असतो आणि तो बांबूत शिरतो तो लाकडासाठी नव्हे, तर आतल्या पिष्टासाठी (स्टार्चसाठी). बांबूचे बेट पावसाळा संपल्यापासून हळूहळू पिष्ट साठवू लागते, कारण पुढच्या मृगानंतर जमिनीतून वर येणाऱ्या कोंबांना दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठायची असते आणि त्यासाठी लागणारी शिदोरी जुन्या काठ्यांत व कंदांत जमवून ठेवावी लागते. ही शिदोरी उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे नेमकी आपण तोड केली त्या चैत्र-वैशाखात, सर्वांत जास्त भरलेली असते. पाऊस ओसरून कोंब वाढून गेले की ती रिती होते आणि थंडीत कमीच राहते. आपण काठ्या नव्हे, भरलेल्या कणग्या छपरावर चढवल्यात असे म्हणायला हरकत नाही.

वडिलांच्या काळी भाताची कापणी-मळणी आटोपली की मग माणसे बांबूकडे वळत, म्हणजे तोड कार्तिकापासून पौषापर्यंत होई. शिवाय घरात चूल पेटलेली असे. तिच्या धुराने आढे-वासे काळे कुळकुळीत होत, आतला ओलावा उतरे आणि भुंगेऱ्याला ती काठी नकोशी वाटे. चूल गेली आणि गॅस आला, तेव्हा छपराचे एक संरक्षणही गेले, हे आपल्या लक्षात आले नाही. मी स्वतः गोठ्याचे पहिले छप्पर असेच मे महिन्यात घाईघाईने केले होते आणि दुसरा पावसाळा संपण्याआधी ते उतरवावे लागले.

फवारणीच्या औषधाबद्दल सांगायचे तर बांबूची पाठ गुळगुळीत व मेणचट असते आणि तिच्यातून काहीही आत जात नाही. वरून रॉकेल किंवा डिझेल फासून चार दिवस वास येतो, भुंगेरा आत निवांत असतो आणि छप्पर मात्र आगीला सोपे होते. म्हणून ते करू नये. प्रत्येक काठी कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहावी. बद्द आवाज देणारी आणि भळाभळा पीठ सोडणारी काठी उतरवून जाळावी, ती परड्यात रचून ठेवू नये, कारण तिच्यातून निघालेले भुंगेरे उरलेल्या काठ्यांकडेच येतील. ज्यांना थोडीच भोके आहेत, त्यांच्या कापलेल्या टोकांना आणि प्रत्येक भोकात टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक ॲसिडचे द्रावण (प्रमाण पुढे दिले आहे) इंजेक्शनच्या सिरिंजने आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा सोडावे. याने वाचतील त्या काठ्या वाचतील. बाकीच्या बदलायच्या झाल्या, तर नव्या काठ्या दिवाळीनंतर तोडाव्यात.

प्रश्न : बेटातला कोणता बांबू पक्का झाला आहे, हे कसे ओळखावे? जाड तो जुना, असे आमच्याकडे मानतात. (राधानगरीहून)

उत्तर : हा समज बेटांचे मोठे नुकसान करतो. बांबू झाडासारखा वर्षागणिक जाड होत नाही; तो जमिनीतून बाहेर पडतानाच आपली जाडी ठरवून येतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. पुढची तीन-चार वर्षे तो फक्त आतून कठीण होत जातो. बेट निरोगी असेल तर उलट नवे कोंबच जुन्या काठ्यांपेक्षा जाड निघतात, म्हणजे जाड पाहून तोडणारा माणूस कोवळेच तोडत असतो.

वय पाहायचे ते कातडीवर. पहिल्या वर्षाच्या काठीचा हिरवा रंग तकतकीत असतो, गाठींखाली पांढरी भुकटी हाताला लागते आणि खालच्या गाठींना वाळकी आवरणे चिकटलेली असतात. दुसऱ्या वर्षी आवरणे गळतात, फांद्या भरतात, पण हिरवेपणा टिकून असतो. तिसऱ्या वर्षानंतर रंग निस्तेज होतो, कातडीवर राखाडी-पांढरे दगडफुलासारखे ठिपके आणि गाठींवर शेवाळ दिसू लागते, आणि कोयत्याच्या पाठीने मारले की टणत्कार होतो. बांधकामाला हीच काठी घ्यावी. सात-आठ वर्षांपुढे ती ठिसूळ होऊ लागते, तेव्हा तीही बेटात ठेवण्यात अर्थ नाही. डोळ्यावर भरवसा नसेल तर दर वर्षी पाऊस संपल्यावर नव्या काठ्यांवर छातीच्या उंचीला ऑइलपेंटने साल लिहावे. चार वर्षांनी कोणालाही विचारावे लागत नाही.

अडचण अशी की नवे कोंब बेटाच्या कडेने येतात आणि पक्क्या काठ्या मधोमध अडकून राहतात. हाताला लागेल ते कडेचे तोडत गेल्यास बेटाचा बाहेरचा, वाढता भागच संपतो आणि मध्ये म्हाताऱ्या काठ्यांची दाटी उरते. त्यासाठी बेटाला एका बाजूने, घोड्याच्या नालेसारखी, आत शिरण्यापुरती वाट करावी आणि तोड आतून बाहेर करीत यावी. काटेरी कळकाच्या बेटात हे काम अवघड असते, तिथे खालच्या काटेरी फांद्या आधी साफ कराव्या लागतात. माणगा बिनकाट्याचा असल्याने त्याच्या मालकाला तर सबबच नाही. काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, पण गाठीच्या लगेच वर कापावी. गाठीपासून चार बोटे वर कापले तर मागे पेला तयार होतो, त्यात पावसाचे पाणी साठते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होऊन कंदापर्यंत जाते. त्या सालात जितके नवे कोंब टिकले, त्याहून अधिक काठ्या एका बेटातून काढू नयेत.

प्रश्न : बांबू अमावस्येलाच तोडावा, म्हणजे कीड लागत नाही, असे जुनी माणसे सांगतात. यात तथ्य किती? (चिपळूणहून)

उत्तर : ऋतूप्रमाणे पिष्ट कमी-अधिक होते हे मोजून सिद्ध झालेले आहे आणि तो फरक मोठा असतो. चंद्राच्या कलांप्रमाणे होणाऱ्या बदलाबद्दल तसा ठाम पुरावा नाही. मात्र जो गृहस्थ अमावस्या पाळतो तो सहसा महिना आणि काठीचे वयही पाळतो, आणि श्रेय अमावस्येला जाते. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तोडलेली चार वर्षांची काठी वैशाखी अमावस्येला तोडलेल्या दोन वर्षांच्या काठीपेक्षा निःसंशय चांगली. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन राखायचे असेल तर हिवाळ्यातली अमावस्या धरावी, त्यात काहीच बिघडत नाही.

जुन्या पद्धतींपैकी अधिक उपयोगाची गोष्ट निराळी आहे. तोडलेल्या काठीची पाने व फांद्या न छाटता ती बेटालाच टेकून दोन-तीन आठवडे उभी ठेवावी आणि बुंध्याखाली सपाट दगड सारावा. पाने जिवंत असेतो आतली साखर व ओलावा खर्च करीत राहतात. याला पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो, आणि म्हणूनच हे फारसे कोणी करीत नाही.

प्रश्न : आमच्या घरामागे खाडी आहे. तोडलेले बांबू खाडीत बुडवून ठेवले तर खारे पाणी लागून ते अधिक टिकतील का? की ओढ्याचे गोडे पाणी चांगले? (देवगड तालुक्यातून)

उत्तर : पाण्यात भिजवण्याचा हेतू आतली साखर व पिष्ट बाहेर काढण्याचा आहे. साखर पाण्यात विरघळते. पिष्ट तसे विरघळत नाही, ते पाण्यातले जीवाणू फोडून खातात. म्हणून भिजलेल्या बांबूला घाण वास येतो, आणि तो येतो आहे म्हणजे काम चालू आहे असे समजावे. यासाठी ताज्या, हिरव्या काठ्या निदान चार आणि शक्यतो आठ ते बारा आठवडे पूर्ण बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. बांबू तरंगतो, तेव्हा त्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवावी लागतात. अर्धवट तरंगणाऱ्या काठीची वरची बाजू कोरडी राहून तिथेच कीड लागते.

वाहते गोडे पाणी सर्वांत चांगले, कारण साचलेल्या पाण्यात काठीवर काळे डाग पडतात आणि शेजारीही भांडायला येतात. खाडीचे दोन तोटे आहेत. खारे पाणी शोषलेला बांबू पुढे हवेतली ओल ओढत राहतो आणि त्यात मारलेले खिळे, तारा लवकर गंजतात. शिवाय होडीचे लाकूड पोखरणारा किडा खाडीत असतो आणि तो बांबूलाही सोडत नाही. तरीही खाडीच वापरायची असेल तर महिन्याभरात काठ्या बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवाव्यात. कोणत्याही पाण्यात भिजवलेला बांबू भुंगेऱ्यापासून बऱ्याच अंशी वाचतो. वाळवीपासून आणि कुजण्यापासून वाचत नाही.

प्रश्न : शेतावर वीस फुटी बांबूंची एक शेड उभारायची आहे. टाकणखार आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया घरच्या घरी करता येईल का? प्रमाण, दिवस आणि टाकी यांविषयी सविस्तर लिहावे. (मुळशी तालुक्यातून)

उत्तर : करता येते आणि छपराखाली राहणाऱ्या कामाला तीच करावी. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि बोरिक ॲसिड तीनास दोन या प्रमाणात घ्यावे. शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक ॲसिड धरले की साधारण पाच टक्के द्रावण होते. दोन्ही पूड एका पातेल्यात गरम पाण्यात आधी विरघळवून मग टाकीत ओतावी. थेट गार पाण्यात टाकल्यास निम्मी पूड तळाशी बसून राहते. टाकी म्हणजे बावीस फूट लांब, दीड-दोन फूट रुंद व खोल असा चर खणून त्यात शेततळ्याचा जाड प्लॅस्टिक कागद अंथरला तरी पुरते. तळाचे खडे मात्र हाताने वेचून काढावेत, नाहीतर पहिल्या रात्रीच द्रावण जमिनीत जाते.

खरे काम त्याआधीचे आहे. बांबूच्या आत प्रत्येक गाठीला एक पडदा असतो आणि द्रावण पाठीतून आत शिरत नाही, हे वर आलेच आहे. म्हणून दहा-बारा मिलिमीटरची लांब सळई, टोकाला धार काढून, एका बाजूने घालीत सगळे पडदे फोडावेत. वीस फुटी काठीला पंधरा-वीस गाठी असतात आणि शेवटचे दोन पडदे फोडताना सळई थरथरते, तेव्हा काठी दोघांनी धरावी लागते. शेवटी डोळा लावून पाहिले की पलीकडचे उजेडाचे वर्तुळ दिसले पाहिजे. मग काठी तिरपी करून द्रावणात सोडावी, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. आडवी टाकली तर हवा कोंडते आणि तेवढी पेरे कोरडी राहतात.

सात ते दहा दिवस ती पूर्ण बुडालेली ठेवावी. काठी ताजी, तोडून फार दिवस न झालेली असावी, कारण हे द्रावण आतल्या ओलीच्या आधारानेच पसरत जाते. चिरलेल्या कामट्यांना तीन-चार दिवस पुरतात. बाहेर काढल्यावर काठ्या आठवडाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवाव्यात, म्हणजे आत गेलेले औषध सगळीकडे पसरते, आणि मग सावलीत, जमिनीपासून हातभर उंच, शक्य तर उभ्या करून दोन ते तीन महिने वाळवाव्यात. लाकूड बरेचसे वाळल्यावर आक्रसू लागते. बांबू मात्र पहिल्या दिवसापासूनच आक्रसतो, म्हणून कडक उन्हात टाकलेली काठी उभी चिरते. एका काठीवर खूण करून ती दर आठवड्याला ताणकाट्यावर वजन करावी. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच आले की ती वाळली. मानवेल जातीच्या बांबूचा किंवा माणग्याचा बुंधा जवळजवळ भरीव असतो, तिथे सळईचा उपाय चालत नाही. अशा काठ्या दाबाने रस ढकलून औषध भरणाऱ्या यंत्राकडे न्याव्यात, त्याला बुशेरी पद्धत म्हणतात, आणि त्यासाठी काठी अगदी ताजीच लागते.

औषध आत पोचले की नाही हे पाहण्याची प्रयोगशाळेतली रीत आपल्या स्वयंपाकघरातूनच आली आहे. स्पिरीटमधला हळदीचा अर्क कापलेल्या तोंडावर लावून त्यावर आम्ल दिले की बोरॉन असलेली जागा पिवळ्याची लाल होते. भारतीय मानक ब्युरोने बांधकामाच्या बांबूच्या प्रक्रियेसाठी आयएस ९०९६ आणि बांबूच्या इमारतींच्या आराखड्यासाठी आयएस १५९१२ ही मानके दिली आहेत. शेडचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याला ती आवर्जून दाखवावीत. द्रावण हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. उरलेले द्रावण पुढच्या खेपेला पूड घालून वापरावे, पण ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, कारण जास्त बोरॉनने पिके करपतात. हे औषध पावसाने धुऊन जाते, हेही ध्यानात ठेवावे. शेडच्या कडेच्या खांबांना रुंद पाखी आणि खाली दगडी किंवा काँक्रीटचे जोते असेल तरच या खर्चाला अर्थ आहे.

प्रश्न : आम्ही पिढीजात बुरूडकाम करतो. सुपे, टोपल्या आणि रोवळ्या यांना पावसाळ्यात बुरशी येते, गिऱ्हाईक माल परत करते. आम्हीही हे औषध वापरावे का? (देसाईगंजहून एक भगिनी)

उत्तर : ताई, सूप आणि रोवळी यांना ते अजिबात लावू नये. ज्यात धान्य पाखडायचे किंवा तांदूळ धुवायचे, त्यात कोणतेच रसायन नको. बांबू निवडण्याविषयी मी आपल्याला काय सांगणार? वर जे तीन-चार वर्षांचे सांगितले ते बांधकामाला. विणायला वर्ष-दीड वर्षाची ओली काठीच लागते, हे आपल्या हातांना ठाऊकच आहे. पण त्या कोवळ्या काठीतच साखर आणि ओल जास्त असते, म्हणून बुरशीही तिलाच आधी धरते.

दोन गोष्टी करून पाहाव्यात. सोललेल्या पट्ट्या विणण्याआधी मोठ्या पातेल्यात अर्धा ते एक तास उकळाव्यात; साखर पाण्यात उतरते, पाणी पिवळे पडते आणि पट्टी नरमही होते. दुसरी गोष्ट, विणलेला माल एकात एक घालून रचण्याआधी पुरता वाळवावा. रोज संध्याकाळी ओलसर टोपल्यांची चळत लावली जाते आणि बुरशी सर्वांत आधी तिच्या मधल्या टोपल्यांना धरते. श्रावण-भाद्रपदासाठी लागणारा माल चैत्रातच विणून, चुलीच्या वर माळ्यावर धुरात ठेवता आला तर उत्तम. त्याला येणारा तांबूस रंग शहरातल्या गिऱ्हाइकाला आवडतो, असा माझा अनुभव आहे. नुसत्या शोभेच्या वस्तूंना, म्हणजे दिव्यांच्या छत्र्या किंवा फुलदाण्यांना, टाकणखाराची प्रक्रिया चालेल; मात्र त्या पट्ट्या आणि सुपांच्या पट्ट्या एकाच भांड्यात भिजवू नयेत.

प्रश्न : स्वतःच्या शेतातला बांबू तोडून विकायला वनखात्याचा परवाना लागतो का? (भंडाऱ्याहून)

उत्तर : २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला त्या कायद्याखालील तोडीचा व वाहतुकीचा परवाना लागत नाही. तरीही ट्रक भरताना सातबाराचा उतारा सोबत ठेवावा, वाटेतली हुज्जत वाचते. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज मानला आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत त्यावर ग्रामसभेचा अधिकार चालतो. आपल्या शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला, परंतु वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले. ते तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन दिले.

प्रश्न : टोमॅटोच्या मांडवाच्या काठ्या दर वर्षी जमिनीलगत कुजून मोडतात. डांबर लावून पाहिले, तरी तेच. (जुन्नर तालुक्यातून)

उत्तर : डांबर ओल्या काठीला लावले असणार. तसे केल्याने आतली ओल आतच कोंडते आणि काठी डांबराच्या आतून कुजते. काठी आधी दोन महिने वाळू द्यावी, टोक तासून घ्यावे, आणि मग जमिनीत जाणारा भाग व त्यावर आणखी वीतभर एवढ्याला, तासलेल्या टोकासकट, गरम डांबर लावावे. उघड्यावर मातीत रोवलेली साधी काठी एक ते तीन वर्षांपलीकडे टिकत नाही, हे धरूनच हिशेब करावा. हंगाम संपल्यावर काठ्या शेतात उभ्या न ठेवता उपटून, माती झटकून, छपराखाली उभ्या करून ठेवल्या तर त्यातलेच एखादे वर्ष वाढते. विकत घेताना व्यापाऱ्याला तोडीचा महिना विचारावा, आणि तो सांगता आला नाही तर मोळीतली एक काठी चिरून आतल्या बाजूला पीठ आहे का ते पाहावे.